अभयारण्य, राष्ट्रीय उद्यान, व्याघ्र प्रकल्प: गोव्याच्या जंगलात शिरताना आपण नेमके कुठे असतो?

फोंड्याहून बेळगावला निघालेली गाडी मोले मागे टाकून अनमोडचा घाट चढायला लागते, तेव्हा ती अभयारण्यातून जात असते. गाडीतल्या कुणाकडेही परवाना नसतो, तरी सगळं कायदेशीर असतं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या २७व्या कलमात सार्वजनिक महामार्गावरून जाणाऱ्याला सूट दिलेली आहे. वळणावर गाडी बाजूला घेऊन मंडळी ओढ्याकडे उतरली, की ती सूट संपते. दहा पावलांचाच फरक, पण त्या दहा पावलांत आपण वाटसरूचे विनापरवाना घुसखोर होतो.

हे कुणाला घाबरवण्यासाठी सांगत नाही. गोव्यात राहणाऱ्या, दर पावसाळ्यात धबधबे पाहायला निघणाऱ्या बहुतेकांना आपण कुठल्या हद्दीत पाय ठेवतोय याची कल्पनाच नसते, आणि त्यात त्यांचा दोष थोडा. फलकावर 'अभयारण्य' असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ काय, राष्ट्रीय उद्यान त्याहून वेगळं कसं, आणि गेली काही वर्षं ज्यावरून एवढा वाद चाललाय तो व्याघ्र प्रकल्प आला तर काय बदलेल, हे कुणी समजावून सांगत नाही. माझं म्हणणं असं, की हे नियम प्राण्यांचे वाटले तरी मुळात ते माणसांच्या हक्कांचे आहेत: जंगलात कुणाला राहता येईल, कुणाला काय घेता येईल, कुणाला नुसतं येऊन जाता येईल. ते समजलं, की आपण तिथे पाहुणे आहोत म्हणजे काय तेही समजतं.

आधी पसारा पाहू. गोव्याचं क्षेत्रफळ ३७०२ चौरस किलोमीटर. त्यातलं साधारण ७५५ चौरस किलोमीटर, म्हणजे पाचवा हिस्सा, संरक्षित आहे. उत्तरेला सत्तरीत म्हादई अभयारण्य, २०८ चौरस किलोमीटर. त्याच्या दक्षिणेला धारबांदोडा तालुक्यात भगवान महावीर अभयारण्य आणि त्याच्या पोटातलं मोले राष्ट्रीय उद्यान, दोन्ही मिळून २४०. त्यातलं १०७ राष्ट्रीय उद्यानाचं. मग सांग्यात नेत्रावळी, २११. शेवटी काणकोणात खोतीगाव, ८६. ही चार जंगलं एकमेकांना लागून सह्याद्रीच्या कडेने सलग पट्टा करतात. बोंडला जेमतेम आठ चौरस किलोमीटरचं, लहान मुलांना घेऊन जायला सोयीचं. चोडणचं सलीम अली पक्षी अभयारण्य तर दोन चौरस किलोमीटरही भरत नाही. तिथे खारफुटीतून होडीने फिरायचं.

या पट्ट्यातल्या म्हादई आणि नेत्रावळी या दोन अभयारण्यांची अधिसूचना १९९९मध्ये निघाली. तेव्हा गोव्यात राष्ट्रपती राजवट होती आणि राज्यपाल होते लेफ्टनंट जनरल जे. एफ. आर. जेकब. निवडून आलेलं सरकार नसताना हा निर्णय झाला, म्हणून काही गावांत अजून त्याबद्दल राग आहे. पण तो झाला नसता तर आज हा सलग पट्टा मध्येच तुटलेला दिसला असता, असं मला ठामपणे वाटतं. नेत्रावळीच्या बाजूला खनिजाचे पट्टे होते, खाणी होत्या. सांगे तालुक्यात फिरलेल्या माणसाला त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

हद्द एक, हक्क वेगळे

अभयारण्य जाहीर करताना सरकार आधी फक्त आपला इरादा कळवतं. मग जिल्हाधिकाऱ्याने त्या हद्दीत कुणाचे काय हक्क आहेत त्याची चौकशी करायची: कुणाची शेतं, कुणाची काजूची बागायत, कुणाचा गुरं चारायचा हक्क, कुणाची पाण्याची वाट. हक्क मान्य झाला, तर ती जमीन हद्दीबाहेर काढता येते, मोबदला देऊन घेता येते, किंवा तो हक्क अभयारण्याच्या आत चालू ठेवता येतो. हा तिसरा पर्याय महत्त्वाचा. त्याच्यामुळेच अभयारण्यात गावं असू शकतात, देवळं असू शकतात, कुळागरं, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागा, असू शकतात. खोतीगावात वेळीप आणि कुणबी समाजाची घरं आहेत. ती माणसं तिथे अतिक्रमण करून राहिलेली नाहीत, अभयारण्यच त्यांच्याभोवती आखलं गेलं.

राष्ट्रीय उद्यानात हा तिसरा पर्याय नाही. तिथे खाजगी हक्क संपवूनच अंतिम अधिसूचना काढायची असते. गुरं चारायलाही बंदी. म्हणून मोलेच्या राष्ट्रीय उद्यानात आणि त्याला चिकटलेल्या अभयारण्यात झाडं तीच, ओहोळ तेच, गवे इकडून तिकडे जातात, पण माणसाला लागू होणारा कायदा वेगळा.

हक्कांची ही चौकशी गोव्यात फार रेंगाळली. सत्तरीतल्या जमिनीचा गुंता जुना आहे: पोर्तुगीज काळात सनदेने दिलेल्या आल्वारा जमिनी, इनामासारख्या मोकासो जमिनी, कुमेरीची, म्हणजे रान जाळून केलेली डोंगरउतारावरची फिरती शेती, पिढ्यान्‌पिढ्या कसलेली पण कागदावर नाव नसलेली जमीन. त्यात २००६चा वनहक्क कायदा आला आणि त्याखालचे दावे आले. वीस-पंचवीस वर्षं ज्याला आपली जमीन आपली की नाही हेच कळत नाही, त्याला 'अभयारण्य' या शब्दाची भीती वाटणारच. संरक्षणाला होणाऱ्या विरोधामागे पुष्कळदा हे न मिळालेलं उत्तर असतं, आणि ते देणं सरकारचं काम आहे.

आता व्याघ्र प्रकल्प. हा तिसरा थर, आधीच्या दोन्हींच्या वर चढणारा. त्यात दोन भाग असतात. गाभा, जिथे वाघाला माणसाचा त्रास कमीत कमी व्हावा. आणि त्याच्याभोवतीचा बफर, जिथे गावं, शेती, उपजीविका चालू राहते. गाभ्यातल्या गावाचं पुनर्वसन करायचं झालं, तर कायद्याच्या अटी कडक आहेत: आधी वनहक्कांची पूर्तता, मग ग्रामसभेची आणि त्या कुटुंबांची संमती. उद्या सकाळी कुणी येऊन गाव उठवेल, असं त्यात नाही. जुलै २०२३मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने 'गोवा फाउंडेशन' या पर्यावरण संस्थेच्या याचिकेवर निकाल देताना म्हादईपासून खोतीगावपर्यंतच्या या पट्ट्याला तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प जाहीर करायला सांगितलं, आणि रहिवाशांचे हक्कांचे दावे निकालात काढायलाही सांगितलं. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं. वादात पहिली गोष्ट गाजली. दुसरी, जी गावांच्या बाजूची होती, तिच्याबद्दल फार कमी बोललं गेलं.

'गोव्यात वाघ आहेतच कुठे' हा प्रश्न अजून ऐकू येतो. जानेवारी २०२०मध्ये सत्तरीत गोळावलीजवळ, म्हादई अभयारण्यात, एक वाघीण आणि तिचे तीन बछडे मेलेले सापडले. विषप्रयोग झाला होता. त्या भागातली जनावरं वाघाने आधी मारली होती, आणि अटक झाली ती स्थानिक माणसांनाच. तीन पिल्लं वाढवणारी वाघीण म्हणजे वाट चुकून आलेलं जनावर नव्हे. इथे तिला भक्ष्य होतं, पाणी होतं, लपायला जागा होती. पलीकडे कर्नाटकात भीमगड अभयारण्य आणि काळी व्याघ्र प्रकल्प आहे, वर महाराष्ट्रात दोडामार्गकडे तिळारीचं राखीव क्षेत्र आहे. वाघाच्या पायाखाली हे सगळं एकच रान. गोव्याचा भाग हा त्यातला दुवा, आणि दुवा तुटला की दोन्ही बाजूंची जंगलं एकटी पडतात. ज्याची म्हैस मेली त्याला भरपाई वेळेत आणि पुरेशी मिळणं, हे या दुव्याला कुंपणापेक्षा जास्त उपयोगाचं आहे.

नळाला येणारं पाणी कुठून येतं

जंगलाचा वारसा म्हटलं की लोक वाघ-बिबट्याकडे पाहतात. गोव्यापुरतं बोलायचं तर मी आधी पाण्याकडे पाहीन.

दूधसागराचं पाणी खाली येऊन खांडेपार नदीला मिळतं. त्या नदीवर ओपा इथे जलशुद्धीकरण प्रकल्प आहे, आणि फोंडा, पणजी या भागांतल्या नळांना त्याचं पाणी येतं. दक्षिण गोव्याला पाणी देणाऱ्या साळावली धरणाच्या वरच्या अंगाला नेत्रावळीचं रान आहे. म्हादई तर पुढे मांडवी होऊन पणजीसमोरून समुद्राला मिळते. तिच्या पाणीवाटपावरून गोवा आणि कर्नाटक किती वर्षं भांडताहेत ते सांगायला नको. लवादाने ऑगस्ट २०१८मध्ये त्यावर निवाडा दिला, तरी भांडण मिटलं नाही.

गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, घाटाकडे त्याहून बराच जास्त, आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. उघड्या डोंगरावर पडलेला पाऊस काही तासांत मातीसकट खाली येतो. रानात तो आधी पानांवर अडतो, मग खालच्या पालापाचोळ्यात, मग मुळांनी आणि किड्यामुंग्यांनी भुसभुशीत केलेल्या मातीत उतरतो आणि सावकाश झिरपत राहतो. एप्रिलमध्ये वाहणारा ओहोळ म्हणजे जुलैत पडलेल्या पावसाचं असं रेंगाळलेलं पाणी. जंगल तोडलं तर पाऊस पडायचा तेवढाच पडेल, पण हे रेंगाळणं थांबेल: पावसाळ्यात पूर आणि मार्चपासून टँकर.

या पाण्यावर जगणारं एक रान जवळून पाहण्यासारखं आहे. सत्तरीत बांबर इथे 'निरंकाराची राय' आहे. राय म्हणजे देवराई. इथे रानजायफळाची झाडं दलदलीत उभी आहेत. पायाखाली बारमाही पाझरणारं पाणी, काळा चिखल, आणि त्या चिखलातून जागोजाग गुडघा दुमडल्यासारखी मुळं वर आलेली. पाण्याने भरलेल्या मातीत हवा नसते, म्हणून झाड मुळाचा काही भाग चिखलाबाहेर काढून श्वास घेतं आणि परत आत घालतं. काही झाडांच्या बुंध्यातून तिरकी आधारमुळं निघून चिखलात रोवलेली दिसतात. अशी रानजायफळाची दलदल आता पश्चिम घाटात तुरळक उरली आहे. बाकीच्या ठिकाणी तिचं पाणी वळवून भातशेती किंवा बागायती झाल्या. बांबरला ती टिकली, कारण देवाच्या रायीत कुऱ्हाड घालायची नाही हा गावाचा दंडक. त्याला ना अधिसूचना लागली, ना पहारेकरी. वन्यजीव कायदा १९७२चा. हा दंडक त्याच्या कितीतरी आधीचा. वाघाच्या बाबतीतही तेच: गोव्याच्या डोंगराळ गावांत वाघ्रो नावाने वाघाची पूजा होते. संरक्षण म्हणजे बाहेरून लादलेली शहरी कल्पना, असं कुणी म्हटलं की मला ही राय आठवते.

असं असून एक गोष्ट मनाला लागते. २०१२मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं जागतिक वारसा म्हणून निवडली. केरळ, तमिळनाडू, कर्नाटक, महाराष्ट्र; गोव्याचं त्यात एकही नाही. रान तेच, डोंगर तेच.

मोलेवरचं दडपण मात्र सगळ्यांनी पाहिलं. २०२०मध्ये रेल्वेचं दुपदरीकरण, महामार्गाचं रुंदीकरण आणि तमनार नावाची उच्चदाब वीजवाहिनी असे तीन प्रकल्प एकाच वेळी याच जंगलातून जाणार होते. तरुण मुलांनी चित्रं काढली, पत्रं लिहिली, टाळेबंदीच्या दिवसांत आंदोलन उभं केलं. मे २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेच्या दुपदरीकरणाला मिळालेली राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. राष्ट्रीय उद्यान असा शिक्का बसला म्हणजे जंगल कायमचं सुखरूप झालं, असं नाही. मंडळाच्या मंजुरीने त्यातूनही वाट काढता येते. म्हणून तर तिथे जाऊन ते डोळ्यांनी पाहिलेली माणसं असणं महत्त्वाचं.

परवाना आणि वागणं

परवाना देण्याची कारणं कायद्याच्या २८व्या कलमात आहेत: अभ्यास, छायाचित्रण, शास्त्रीय संशोधन, पर्यटन, आणि आत राहणाऱ्या माणसाशी रीतसर काही व्यवहार असेल तर तो. यातलं पर्यटन आपलं. म्हणजे नाक्यावर भरलेली फी ही नुसती तिकिटाची रक्कम नसते, आत शिरण्याची ती कायदेशीर अट असते. त्याबरोबर काही गोष्टी आपोआप मान्य केलेल्या असतात. प्राण्याला छेडायचं नाही आणि कचरा टाकायचा नाही, हे फलकावरचं सुभाषित वाटतं, पण ते कायद्याच्या कलमात लिहिलेलं आहे. आग लावायची नाही, शस्त्र न्यायचं नाही, स्फोटकं किंवा विषारी रसायनं वापरायची नाहीत, यालाही स्वतंत्र कलमं आहेत.

आगीबद्दल थोडं जास्त सांगतो. मार्च २०२३मध्ये म्हादई अभयारण्यात कित्येक दिवस वणवे धुमसत होते. आपल्या या दमट रानात आपोआप लागणारी आग अगदी विरळा. जवळजवळ प्रत्येक वणव्यामागे माणसाचा हात असतो, कधी जाणूनबुजून, कधी बेफिकिरीने. फेब्रुवारी-मार्चमध्ये ऐनाची, ज्याला गोव्यात माट्टी म्हणतात, त्याची वाळकी पानं जमिनीवर जाड थराने पडलेली असतात. त्यात एक विडीचं थोटूक पुरतं. मोठी झाडं बहुधा वाचतात. जमिनीवरची रोपं, अंडी, कासवं, सरडे, तो सगळा पाचोळा जळतो, आणि मघाशी सांगितलेलं पाण्याचं रेंगाळणंही त्याच्याबरोबर जातं.

पहिल्या पावसाच्या रात्री विजेऱ्या घेऊन शेता-रानात बेडूक पकडायला निघणारे अजून आहेत. 'जंपिंग चिकन' नावाने त्याचा पदार्थ होतो. हे मोठे बेडूक कायद्याने संरक्षित आहेत, आणि ते पकडले जातात नेमके विणीच्या रात्री. नर तेव्हा पिवळेधमक होतात, गळ्याशी निळे फुगे फुगवून ओरडतात. म्हणून तर अंधारात ते सापडतात. एक मादी मारली की त्या हंगामाची हजारो अंडी गेली. भातशेतीतले किडे आणि खेकडे खाणारं हे जनावर. हॉटेलात हा पदार्थ मागू नका, आणि कुणी आग्रह केला तर स्पष्ट नाही म्हणा.

काय दिसेल? वाघ दिसणार नाही, असं धरूनच जा. सकाळी लवकर गेलात तर शेकरू, म्हणजे मोठी रानखार, दिसायची चांगली शक्यता असते. त्याआधी उंच झाडांच्या फांद्यांत काटक्या-पानांचे त्याचे मोठे गोल घरटे दिसतील. धनेश आधी ऐकू येतो: पंखांचा मोठा घरघराट डोक्यावरून जातो. गवा हा गोव्याचा राज्यप्राणी, आणि मोले-खोतीगावच्या रस्त्यांवर तो भेटतोच. कळप सहसा आपणच बाजूला होतो. एकटा नर उभा असेल, तर गाडी थांबवा, इंजिन चालू ठेवा, हॉर्न देऊ नका, खाली उतरून फोटो तर नकोच. उन्हाळ्याच्या शेवटी बांबूच्या बेटाखाली वाळक्या पानांचा मुद्दाम रचल्यासारखा ढीग दिसला, तर काठीने उसकून पाहू नका. नागराज, म्हणजे किंग कोब्रा, हा घरटं बांधणारा जगातला एकच साप. मादी असा पानांचा ढीग करून त्यात अंडी घालते आणि जवळच राखण करते. ओढ्यावर झुकलेल्या फांदीला पांढऱ्या फेसाचा गोळा लटकलेला दिसला, तर ते उडत्या बेडकाचं घरटं. पिल्लं फेसातून सुटून बरोबर खालच्या डोहात पडतात. त्याच डोहात साबण-शाम्पू लावून अंघोळ करणाऱ्याला आपण काय करतोय ते माहीत नसतं.

माकडांना घाटात केळी-बिस्किटं देणं हे पुण्याचं काम वाटतं. त्याने ती रस्त्यावर येऊन बसायला शिकतात आणि गाड्यांखाली येतात. देऊ नका.

दूधसागराला कुळ्याहून वनखात्याच्या नाक्यावरून जीपने जायचं असतं. पावसाळ्यात ही वाट बंद असते, कारण वाटेतले ओढे जीपला ओलांडता येत नाहीत. रेल्वेच्या रुळांवरून चालत जाणं बेकायदा आहे आणि जिवावर बेतणारं आहे. जुलै २०२३मध्ये नेत्रावळीच्या मैनापी धबधब्यावर दोघे बुडाले, तेव्हा अभयारण्यांतल्या धबधब्यांवर जाण्यावर बंदी घातली गेली. घाटमाथ्यावर पाऊस कोसळत असतो आणि खाली ऊन असतं. पाणी अचानक चढतं, ते कळेपर्यंत माणूस मधल्या खडकावर अडकलेला असतो. त्या वेळी सोबत त्याच गावातला वाटाड्या असेल तर तो पाण्याचा बदललेला रंग आधी ओळखतो. वाटाड्याचे पैसे गावातच राहतात, हेही त्याचं एक कारण. कुठला धबधबा कुठल्या महिन्यात उघडा, हे दरवर्षी बदलतं, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी त्या त्या अभयारण्याच्या रेंज कार्यालयात विचारून घ्या, ओळखपत्र बरोबर ठेवा, आणि संध्याकाळी नाका बंद व्हायच्या आत बाहेर पडता येईल असं बघूनच आत शिरा.